रंगाखालचा रंग : जुनी खेळणी, त्यांतले फेरफार आणि त्यांचे मोल

माझ्याकडे एक जीप आहे. साधारण आठ सेंटिमीटर लांबीची, धातूची. बुडाशी ‘डिंकी टॉइज’ हे नाव आणि ‘मेड इन इंग्लंड’ ही अक्षरे. कारखान्यातून ती लाल रंगात निघाली होती. आज ती हिरवी आहे. डिंकीने ही जीप हिरव्या रंगातही काढली होती. पण माझ्या जीपचा हिरवा कारखान्याचा नाही. रत्नागिरीच्या आमच्या घराच्या खिडक्यांना लावून उरलेल्या ऑइलपेंटचा तो हिरवा आहे. १९६५च्या दिवाळीत माझ्या थोरल्या भावाने, दादाने, तो लावला. सप्टेंबरात युद्धबंदी झाली होती. घरात, शाळेत, नाक्यावर दुसरा विषय नव्हता. त्या वर्षी अंगणातल्या किल्ल्यावर मावळ्यांच्या जोडीला लष्करही हवे, असे दादाच्या मनाने घेतले. लष्कराची गाडी लाल कशी चालेल? मालवाहू बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने विलायतेहून आणलेली ती जीप एका दुपारी हिरवी झाली. ब्रशचे दोन केस अजून तिच्या बॉनेटवर रंगात चिकटलेले आहेत.

दादा गेल्यावर ही जीप माझ्याकडे आली. मी स्वतः गेली पंचवीस-तीस वर्षे जुन्या धातूच्या गाड्या जमवतो. एका जाणकार संग्राहकाला मी ती दाखवली. त्याने ती उलटी केली, बुडाचा पत्रा पाहिला, रिव्हेट पाहिले आणि म्हणाला, “साचा चांगला आहे, चारही टायर जुने आहेत. पण रंगामुळे गेली. असाच लाल रंग शाबूत असता, तर आत्ता सांगितली त्याच्या पाचपट किंमत दिली असती.” मग थोडे थांबून, “हवं तर रंग उतरवून द्या. खाली मूळ लाल असेलच. नाहीतर नवा लाल चढवू, कोणाला कळणार नाही.”

त्याच्या बोलण्यातल्या तीन गोष्टी मला तेव्हापासून छळत आल्या आहेत. दादाच्या रंगाने जीप ‘गेली’ ही पहिली. तो उतरवल्याने ती परत येईल ही दुसरी. आणि ‘कोणाला कळणार नाही’ ही तिसरी. जुन्या खेळण्यात फेरफार झाला की त्याचे मोल का घटते, किती न्याय्य कारणाने घटते आणि संग्राहकांची मोजपट्टी नेमकी कुठे चुकते, हे या तीन वाक्यांच्या आधाराने तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

रंगाला एवढे महत्त्व का?

धातूच्या छोट्या गाड्यांचा छंद बाहेरून पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच. गाडी तीच, साचा तोच, मग वरच्या पापुद्र्यासाठी एवढा आटापिटा कशाला?

उत्तर या खेळण्यांच्या उत्पादनपद्धतीत आहे. फ्रँक हॉर्नबी या लिव्हरपूलच्या गृहस्थाने १९०१ साली छिद्रे पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या जोडखेळण्याचे पेटंट घेतले. तेच पुढे ‘मेकॅनो’ म्हणून जगभर गेले. त्याच्या कंपनीने १९३३मध्ये खेळण्यातल्या आगगाडीच्या शेजारी मांडण्यासाठी काही लहान मोटारगाड्या काढल्या; १९३४पासून त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. लिव्हरपूलमधल्या बिन्स रोडवरचा तो कारखाना १९७९च्या अखेरीस बंद पडेपर्यंत असंख्य गाड्या त्याच्या साच्यांतून बाहेर पडल्या. लंडनमध्ये १९४७ साली लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ यांनी ‘लेस्नी’ ही कंपनी काढली. आडनाव एक असले तरी दोघे नातेवाईक नव्हते. तिचा साचेकार भागीदार जॅक ओडेल याची मुलगी ज्या शाळेत जात होती, तिथे काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येत असे. म्हणून त्याने तिच्यासाठी इवलासा रोडरोलर बनवला, अशी ‘मॅचबॉक्स’ गाड्यांची जन्मकथा सांगितली जाते. १९५३मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणानिमित्त काढलेल्या छोट्या राजरथाचे दहा लाखांहून अधिक नग खपले.

म्हणजे मुळात दुर्मीळतेशी या वस्तूंचा काही संबंध नव्हता. त्या पोरांच्या खिशात राहण्यासाठी, वाळूत लोळण्यासाठी, पायऱ्यांवरून खाली ढकलण्यासाठी बनल्या होत्या. एकाच साच्यातून लाखो नग निघतात तेव्हा एका नगाला दुसऱ्यापासून वेगळे काढणाऱ्या गोष्टी मोजक्याच उरतात : रंगाची छटा, चाकांचा प्रकार, जाहिरातीचा ट्रान्स्फर, बुडावरची अक्षरे आणि खोके. कारखान्यात एखाद्या दिवशी रंग संपला आणि दुसरा वापरला, एखाद्या दुकानासाठी थोड्या गाड्यांवर वेगळे नाव छापले, की त्या थोड्या नगांची वेगळी जात होते. संग्राहक जे शोधतो ते बहुतेक वेळा या पापुद्र्यातच असते. तो गेला की त्या नगाची ओळख पटवणारा कागदच फाटल्यासारखे होते. मग ती लाखांतली एक गाडी.

म्हणूनच या क्षेत्रात नवख्याला उलटा वाटणारा एक नियम आहे. टवके उडालेली, कडांवरून धातू दिसणारी, पण मूळ रंगातली गाडी ही चकचकीत रंगवलेल्या गाडीपेक्षा महाग असते. उत्तम कारागिराने केलेल्या नव्या रंगालाही अस्सल जुन्या रंगातल्या चांगल्या नगाच्या किमतीचा लहानसा हिस्साच मिळतो. जुन्या नाण्यांचे संग्राहक नाणे घासून लख्ख करणाऱ्याला का रागावतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा नियम परका वाटणार नाही.

लबाडीचा इतिहास

हा कडकपणा निव्वळ सोवळेपणातून आलेला नाही. त्यामागे फसगतीचा मोठा अनुभव आहे.

मॅचबॉक्सच्या १९६५ सालच्या १३ क्रमांकाच्या गाडीचे उदाहरण घेऊ. बिघडलेल्या मोटारी ओढून नेणारा हा डॉज ट्रक. त्याच्यावर ‘बीपी’ या तेल कंपनीची खूण होती. ड्रायव्हरची केबिन पिवळी, मागचा भाग हिरवा. असे ट्रक ढिगांनी मिळतात. पण काही नगांत रंगांची अदलाबदल झाली : केबिन हिरवी, मागचा भाग पिवळा. हे नग अतिशय दुर्मीळ. आता विचार करा, दोन रंगांची जागा बदलण्यापलीकडे यात फरक काय? थोडा रंग, एक चांगला ब्रश किंवा फवारा, एक निवांत रविवार, एवढ्यावर साध्या ट्रकचा दुर्मीळ ट्रक करता येतो. लोकांनी तो केलाही, आणि इतक्या वेळा की आज असा ट्रक कोणी पुढे केला की जाणकाराचा हात आधी भिंगाकडे जातो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटानंतर केनर कंपनीने १९७८मध्ये त्यातल्या पात्रांच्या छोट्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या बाजारात आणल्या. त्यांत ‘जावा’ नावाचे बुटके पात्र होते. सुरुवातीला त्याला पातळ व्हिनाइलचा झगा दिला होता. एवढ्याशा बाहुलीला तो फार हलका वाटतो म्हणून लवकरच त्या जागी कापडी झगा आला. कापडी झग्याचा जावा सर्वत्र सापडतो, व्हिनाइलचा क्वचित. त्याच मालिकेतल्या बेन केनोबी या मोठ्या पात्राचा व्हिनाइलचा झगा मात्र सहज मिळत असे. कात्रीने तो आखूड करून जावाच्या अंगावर चढवला की झाली दुर्मीळ बाहुली! म्हणून आज संग्राहक झग्याच्या कडा, रंगाची छटा आणि बाह्यांची छिद्रे यांचा एखाद्या हस्तलिखितासारखा अभ्यास करतात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी गाड्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्या काळच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारख्या अशुद्ध द्रव्यांचा अंश राहिला, तर धातू आतून कणाकणाने फुटू लागतो. आधी बारीक भेगा पडतात, मग गाडी वाकते, शेवटी हातात भुगा येतो. दमट हवेत हे लवकर होते आणि त्यावर उपाय नाही. अशा भेगा भरून वरून रंग दिला की गाडी धडधाकट दिसते, घेणारा पैसे मोजतो आणि दोन-चार पावसाळ्यांत त्याच्या कपाटात तुकडे उरतात. इथे रंग हा रोग लपवण्यासाठी वापरलेला असतो.

या लबाडीवर मात करायला संग्राहकांनी स्वतःची तपासणीची रीत घडवली. कारखान्यात गाडीच्या अंगाला आधी रंग बसे, मग बुडाचा पत्रा रिव्हेट ठोकून जोडला जाई. साहजिकच अस्सल गाडीत पत्र्याखाली, जोडाच्या आतही रंग असतो आणि रिव्हेटची टोपी अस्पर्श असते. पुन्हा रंगवायचे तर बहुधा रिव्हेट ड्रिलने कापून गाडी सुटी करावी लागते. मग जोडताना स्क्रू किंवा गोंद येतो. नवा रंग जाड बसला तर दरवाज्याच्या रेषा, जाळीच्या खाचा बुजतात. अतिनील दिव्याखाली नव्या रंगाची चमक पुष्कळदा निराळी दिसते आणि अलीकडच्या कागदाचे नकली खोके निळसर पांढरे उजळते. खोक्याचाही इतिहास पाहावा लागतो : डिंकीच्या बहुतेक गाड्या १९५०च्या दशकाच्या आरंभापर्यंत दुकानदाराकडे एका खोक्यात सहा अशा येत आणि सुट्या विकल्या जात. त्याआधीच्या गाडीला स्वतंत्र रंगीत खोके असेल, तर आनंदाऐवजी शंका यायला हवी.

हे सगळे लक्षात घेतले तर त्या संग्राहकाचे पहिले वाक्य समजते. फेरफार झालेल्या खेळण्याची किंमत उतरते, कारण त्या खेळण्यावरचा विश्वास उतरलेला असतो. एका जागी हात फिरला आहे म्हटल्यावर आणखी कुठे फिरला असेल, हे घेणाऱ्याला सांगता येत नाही. या अनिश्चिततेची वजावट तो किमतीतून करतो. इथपर्यंत माझे त्यांच्याशी भांडण नाही.

एक, दोन, तीन

भांडण पुढे आहे. मॅचबॉक्सच्या संग्राहकांत रुळलेली आणि नंतर सगळ्याच धातूच्या गाड्यांना लागू झालेली एक वर्गवारी आहे. कारखान्यातून जशी निघाली तशी गाडी म्हणजे ‘कोड एक’. कारखान्याबाहेर कोणी बदल केला, पण कंपनीच्या परवानगीने, तर ‘कोड दोन’. परवानगीशिवाय केला, तर ‘कोड तीन’. वर्गवारी सुटसुटीत आहे आणि व्यवहाराला उपयोगी आहे. पण नीट पाहिले तर तिचा निकष एकच आहे : बदल कोणी केला? काय बदलले, कशासाठी बदलले, बदल कळतो की लपतो, मूळ गोष्ट खाली शिल्लक आहे की नष्ट झाली, यांपैकी एकही प्रश्न ती विचारत नाही.

याचा परिणाम काय होतो, हे आपल्या देशातल्याच एका उदाहरणावरून दिसते. बाहेरच्या मालाच्या आयातीवर कडक निर्बंध असण्याच्या काळात, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या निघू लागल्या. जॅग्वार ई-टाइप, एमजीबी अशा गाड्या लिव्हरपूलच्याच साच्यातल्या. पण साच्यातले ‘डिंकी’ काढून तिथे ‘निकी’ आले. रंग जाड, चाके आणि जोडकाम मूळच्या तुलनेत ओबडधोबड. एका अर्थाने हा मूळ खेळण्यातला केवढा मोठा फेरफार! नाव बदलले, देश बदलला, रंग बदलला. तरी निकीची गाडी ही निकीची म्हणून ‘कोड एक’च. आज तिच्या मागे इंग्लंडातलेही संग्राहक असतात आणि तिच्या जाड रंगाचे, वेड्यावाकड्या अक्षरांचे कौतुक होते. कारखान्याने केलेला खरखरीत बदल हा ‘प्रकार’ ठरतो. पोराने केलेला बदल ‘खराबी’ ठरतो.

मला हे तर्काला सोडून वाटते. खेळण्याचे आयुष्य कारखान्यात सुरू होते, संपत नाही. ज्या वस्तूचे काम खेळले जाणे हेच आहे, तिच्यावरच्या खेळाच्या खुणा हा तिच्या इतिहासाचा दोष कसा? न उघडलेल्या खोक्यातल्या, कोणी कधी हात न लावलेल्या गाडीला सर्वोच्च मोल द्यायचे, याचा अर्थ जे खेळणे आपले काम कधीच करू शकले नाही त्याला पहिला नंबर द्यायचा. बाजाराने तो खुशाल द्यावा, असे नग खरोखर थोडे असतात. पण दुर्मीळता म्हणजेच मोल, असे समीकरण आपण संग्राहकांनी मनात मुरू दिले आहे, आणि ते तपासायला हवे.

माझ्या हातून झालेले

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो? बऱ्याच अंशी स्वतः केलेल्या चुकीच्या.

छंदाच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबईच्या चोरबाजारात मला डिंकीची एक लॉरी मिळाली. कोणीतरी तिला निळा रंग फासला होता. बुडाच्या पत्र्यावर खिळ्याने कोरलेली दोन देवनागरी अक्षरे होती : ‘ना. वि.’ मी घरी आलो, रिव्हेट कापले, रंग काढायच्या द्रावणात लॉरी बुडवली, तारेच्या ब्रशने घासली. बुडावरची अक्षरे काही जाईनात, तेव्हा कानस घेतली आणि वर पॉलिशपेपर फिरवला. मग नवा लाल रंग, नवे टायर. लॉरी देखणी झाली. छंदातल्या मित्रांच्या बैठकीत मी ती मोठ्या अभिमानाने मांडली. आमच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ होते. त्यांनी ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि विचारले, “काम छान झालंय. कोणाची होती?”

मला सांगता येईना. ना. वि. कोण, नारायण की नाना, विनायकचा की विष्णूचा, मुंबईचा की आणखी कुठला, काही कळण्याची शक्यता तशीही कमीच होती. पण इंग्लंडात बनलेली ही लॉरी एका मराठी मुलाची होती आणि ती दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून त्याने तिच्यावर आपले नाव कोरले होते, एवढे तर त्या पत्र्यावर लिहिलेले होते. त्या लॉरीबद्दलची तेवढीच एक गोष्ट जगात दुसऱ्या कोणत्याही लॉरीला लागू नव्हती. ती मी कानसीने घालवली आणि तिच्या जागी लाखो लॉऱ्यांवर असलेला लाल रंग आणला. पुढे मी ती नव्या रंगाची म्हणून सांगूनच विकली. घेणाऱ्याला मी फसवले नाही. लॉरीचे मात्र मी नुकसान केले होते.

हे मी का केले, याचा विचार करताना मला आपल्या घरांतल्या सवयीही दिसतात. आपल्याकडे वस्तू सांभाळणे म्हणजे ती उजळणे. भातुकलीची पितळी भांडी वर्षानुवर्षे चिंचेने घासली जातात, कल्हईवाला दारात आला की मोठ्या पातेल्यांबरोबर पोरींचे इवलेसे टोपही पुढे केले जात. किल्ल्यावरचे मावळे माळ्यावरून काढले की त्यांच्या पगड्यांना पुन्हा रंग लागतो. या सवयीत माया आहे आणि वस्तू वापरात राहावी हा हेतू आहे. वापराच्या वस्तूला ती न्याय देते. पण वापरातून बाहेर पडून साक्षीदार झालेल्या वस्तूला तोच न्याय लावला, की साक्ष पुसली जाते. कल्हई आणि कानस यांतला फरक मला तेव्हा कळला नव्हता.

इटालियन कलासमीक्षक चेझारे ब्रांदी यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुनरुज्जीवनविषयक ग्रंथात चित्रे-शिल्पांच्या दुरुस्तीबद्दल जे सूत्र मांडले, ते आमच्या या पोरखेळालाही लागू पडते. दुरुस्तीने कलाकृतीची एकसंधता परत आणावी, पण तसे करताना खोटा इतिहास निर्माण करू नये आणि कालप्रवासाची प्रत्येक खूण पुसू नये. नवे काम जवळून पाहणाऱ्याला ओळखता यावे आणि पुढच्या माणसाला काही करायचे असेल तर वाट मोकळी राहावी. या कसोटीवर माझी लॉरी पूर्ण नापास होते. दादाची जीप कुठे बसते? तो दुरुस्ती करतच नव्हता, हे खरे. पण त्याने लपवले काहीच नाही. त्याचा रंग पाहताक्षणी हाताने दिलेला कळतो, बुडाच्या अक्षरांना त्याने हात लावलेला नाही, रिव्हेट शाबूत आहेत, आणि मागच्या चाकाजवळ टवका उडालेल्या जागी खालचा लाल दिसतो.

अस्वलाला घातलेला फ्रॉक

बाजारालाही कधीकधी ही गोष्ट समजते. जर्मनीतल्या श्टाइफ कंपनीने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बनवलेले एक अस्वल १९९४च्या डिसेंबरात लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात १,१०,००० पौंडांना गेले. टेडी बेअरसाठी तेव्हा तो विक्रम होता. हे अस्वल कर्नल बॉब हेंडरसन यांचे. लहानपणापासून त्यांनी ते आयुष्यभर जवळ ठेवले. त्यांच्या मुलीच्या बालपणी त्या अस्वलाला मुलीचे कपडे चढले आणि साध्या ‘टेडी’चे नाव ‘टेडी गर्ल’ झाले. न हाताळलेल्या, खोक्यातल्या अस्वलाची ही किंमत नव्हती. एका कुटुंबाने हाताळलेल्या, नाव आणि वेष बदललेल्या अस्वलाची होती.

यावर कोणी दोन आक्षेप घेईल आणि ते रास्त आहेत. फ्रॉक काढून ठेवता येतो, ऑइलपेंट तसा निघत नाही. आणि कर्नल हेंडरसन टेडी बेअरच्या जगात नामांकित होते, दादाला आमच्या आळीबाहेर कोणी ओळखत नव्हते. पहिला आक्षेप मला मान्य आहे. मूळ गोष्ट शाबूत राहते की नाही याला वजन असायलाच हवे. दुसऱ्या आक्षेपातून मात्र माझाच मुद्दा निघतो. त्या अस्वलाची कहाणी माहीत होती, म्हणून त्यातला बदल मोलाचा ठरला. म्हणजे फरक पडतो तो बदलासोबत त्याची हकिकत टिकते की नाही यामुळे. प्रसिद्ध माणसाची हकिकत आपोआप टिकते, सामान्य माणसाची टिकवावी लागते. ना. वि.ची हकिकत दोन अक्षरांवर येऊन ठेपली होती, आणि तीही एका संग्राहकाच्या हातून गेली.

तेव्हा फेरफार झालेले खेळणे समोर आले की कोणता कोड, हे विचारण्याआधी मी आता तीन प्रश्न विचारतो. हा बदल स्वतःला लपवतो का? लपवत असेल तर ते खेळणे आपल्याविषयी खोटे सांगते. ते कितीही सुंदर असो, त्याची किंमत उतरलीच पाहिजे. दुसरा, या बदलाने आधीचे काय नष्ट झाले? आणि तिसरा, हा बदल कोणी, कधी, कशासाठी केला हे कळते का, किंवा निदान कळण्याची वाट उघडी आहे का? उलट केलेल्या रंगांचा बीपी ट्रक आणि कापलेल्या झग्याचा जावा पहिल्याच प्रश्नाला पडतात. माझी लॉरी दुसऱ्याला आणि तिसऱ्याला पडते, मी ती प्रामाणिकपणे विकली असली तरी. दादाची जीप तिन्ही प्रश्नांना उत्तर देते. आजच्या कोष्टकात मात्र हे चारही ‘कोड तीन’च्या एकाच खान्यात पडतात. ते कोष्टक किंमत ठरवायला ठीक असेल, मोल ठरवायला ते अपुरे आहे.

याचा अर्थ बाजाराने हिरव्या जीपला लाल जीपचा भाव द्यावा, असे मी म्हणत नाही. ज्याला १९५०च्या दशकातल्या डिंकीचा नमुना हवा आहे, त्याच्या दृष्टीने माझी जीप उणीच आहे आणि त्याने तिला कमीच पैसे द्यावेत. माझी मागणी एवढीच, की कमी किमतीची म्हणून तिला कच्चा माल समजू नये. आज या छंदात हाताने रंगवलेल्या, नावे कोरलेल्या, आकडे काढलेल्या स्वस्त गाड्या घेऊन त्यांना ‘मूळ रूपात’ आणण्याचा उद्योग जोरात आहे. दरवेळी कारखान्याच्या रंगाची आणखी एक नक्कल तयार होते आणि एका मुलाच्या हातची जगातली एकमेव खूण द्रावणात जाते. दुर्मीळतेचीच पूजा करायची, तर निदान दुर्मीळ काय होते हे तरी नीट मोजावे.

त्या संग्राहकाकडून परतल्यावर काही दिवस मी खरोखरच विचारात होतो. पाचपट पैसे ही एक गोष्ट, आणि हिरव्याखालचा लाल पाहण्याचा मोह ही दुसरी. मामाने आणली तेव्हाची जीप मला आठवते. ती पुन्हा तशी दिसावी असे वाटण्यात गैर काय? द्रावणाची बाटली माझ्याकडे होती. त्याच सुमारास पुतणी घरी आली होती. टेबलावर जीप आणि बाटली पाहून तिने विचारले, मी सांगितले. तिने जीप उचलून खिडकीशी नेली आणि बॉनेटवरच्या त्या दोन केसांवरून बोट फिरवले. “काका, बाबांना ब्रश धुवायचा कायम कंटाळा,” ती म्हणाली. “आमच्या घराची दारंसुद्धा अशीच आहेत.”

बाटली मी बंद करून ठेवली. नंतर एका कार्डावर जीपचा क्रमांक लिहिला, जुन्या पद्धतीने २५-वाय, पुढच्या पद्धतीने ४०५. खाली लिहिले : मूळ रंग लाल; विलायतेहून मामाने आणली; १९६५च्या दिवाळीत किल्ल्यासाठी दादाने हिरवी केली; वापरलेला रंग खिडक्यांचा. त्याखाली दादाचे पूर्ण नाव आणि त्याचे तेव्हाचे वय, बारा. कार्ड जीपबरोबर एका डबीत ठेवले आहे. माझ्यानंतर ती डबी पुतणीकडे जाईल. तिने पुढे ती विकायची ठरवली, तर कार्डासकट विकावी, एवढेच तिला सांगून ठेवले आहे.